गाळून घेतलेली वार्ता
चर्चासमूहांसाठी न्यूजरीडर निवडताना

व्यापाराला भांडवल लागते तितकीच वार्ता लागते. कोणत्या पेठेत कोणता माल कमी पडला, कोणाची हुंडी परत आली, कोणत्या वाटेवर पाऊस लागला, हे ज्याला वेळेवर आणि खरे कळले तो टिकला, असा पेढीवरचा जुना अनुभव आहे. मावळ खोऱ्याला तर या व्यवहाराची सुमारे दोन हजार वर्षांची ओळख आहे. घाटमाथ्यावरून कोकणच्या बंदरांकडे जाणारी व्यापारी वाट याच भागातून उतरत असे, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव आजही कोरलेले आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि माल व पत्रे घाट चढू लागली. आज पत्राचे काम खिशातील मोबाइल करतो. वार्ता मिळत नाही, ही तक्रार आता कोणाचीच नाही. मिळालेल्या वार्तेतून उपयोगाची कशी वेचावी, हा प्रश्न मात्र दर घरात आहे.

लोणावळ्याजवळच्या औंढे गावात राहणारे एखादे व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दुकान लोणावळ्याच्या बाजारात, धाकटा भाऊ पुण्याच्या मार्केट यार्डात, मुलगी शिक्षणासाठी परदेशी. सकाळी मोबाइल हाती घेतला की समाजाचा समूह, व्यापारी संघाचा समूह, नातलगांचा समूह, शाळेचा समूह असे शेकडो संदेश वाट पाहत असतात. त्यांत भावाने पाठविलेली कामाची एक ओळ असते आणि तिच्यावर सुप्रभाताच्या चित्रांचा ढीग असतो. डाळीचे भाव चढणार, ही पुढे ढकललेली वार्ता मुळात कोणी लिहिली, तिचा आधार कोणी विचारला आणि त्याला काय उत्तर मिळाले, याचा धागा लागत नाही. अशा वार्तेवर विसंबून माल भरला तर तोटा होतो. तीच वार्ता आपल्या हातून पुढे गेली तर पतही जाते, आणि तोटा भरून निघाला तरी पत भरून यायला वर्षे लागतात.

जैन घरांत पाणी गाळून घेण्याची रीत आहे. पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी फडक्यातून गेल्याशिवाय ते हंड्यात जात नाही. वार्तेसाठीही असे फडके असावे, हा विचार संगणकाच्या जगात मोबाइलच्या पुष्कळ आधी झालेला आहे. यूजनेट नावाच्या जुन्या आणि अजूनही चालू असलेल्या चर्चाव्यवस्थेसाठी जे वाचन-सॉफ्टवेअर तयार झाले, त्याला न्यूजरीडर म्हणतात. न्यूजरीडर कसा पारखावा, हे ज्याला समजले त्याला वार्तेचे कोणतेही साधन पारखता येते. म्हणून या जुन्या विषयाकडे व्यापारी कुटुंबांनी नव्याने पाहावे, असे त्यात पुष्कळ आहे.

मध्यवर्ती कचेरी नसलेली पेठ

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना यूजनेटची कल्पना सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिचा पहिला आराखडा संगणकावर उतरविला आणि १९८० पासून ती इतरांसाठी खुली झाली. प्रारंभी हे संगणक एकमेकांना दूरध्वनी करून संदेशांची देवघेव करीत. १९८६ साली या देवघेवीसाठी एनएनटीपी नावाचा नियमसंच ठरला आणि व्यवस्था इंटरनेटवर आली.

हुंडीच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या कुटुंबांना तिची रचना सहज कळेल. हुंड्यांची कोणतीही मध्यवर्ती कचेरी नव्हती. एका पेठेतील पेढीचा दुसऱ्या पेठेतील पेढीशी संबंध असे, तिचा तिसरीशी, आणि एवढ्या विश्वासावर दूरदूरचा व्यवहार चाले. यूजनेटमध्येही प्रत्येक संस्थेचा आपला सर्व्हर असतो. आपल्याकडे आलेला संदेश तो शेजारच्या सर्व्हरला देऊ करतो, शेजाऱ्याकडे तो आधीच असेल तर घेतला जात नाही, नसेल तर घेऊन पुढे दिला जातो. प्रत्येक संदेशाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे एकच संदेश दोनदा जमा होत नाही. संदेश विषयवार समूहांत वाटलेले असतात. संगणकाचे समूह ‘कॉम्प’ या नावाने, विज्ञानाचे ‘साय’ या नावाने, समाज व संस्कृतीचे ‘सॉक’ या नावाने आरंभतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मोबाइलवरील समूहात संदेश ठेवणारी कंपनी आणि तो दाखविणारे साधन एकच असते. ते कसे दिसावे आणि काय आधी यावे, हे कंपनी ठरवते. यूजनेटमध्ये संदेश सर्व्हरवर असतात आणि ते वाचण्याचे साधन ज्याने त्याने आपल्या पसंतीने आणायचे असते. साधन पसंत पडले नाही तर ते बदलता येते, समूह सोडावा लागत नाही. निवडीचा प्रश्न उद्भवतो तो या स्वातंत्र्यामुळेच.

मराठी माणसांचा कट्टा

भारतात संगणकांच्या जाळ्याचा आरंभ शिक्षणसंस्थांतून झाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट हा प्रकल्प उभा राहिला आणि त्यात मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा म्हणजे एनसीएसटीचा व आयआयटींचा मोठा वाटा होता. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत सेवा सुरू केली तेव्हा.

परदेशी गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना यूजनेटवर त्याआधीच भारतीय संस्कृतीचे समूह सापडले होते. त्यांतूनच ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा स्वतंत्र समूह निघाला. त्या काळी बहुतेक संगणकांवर देवनागरी उमटत नसल्यामुळे मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई. उच्चार नेमका कळावा म्हणून अविनाश चोपडे यांनी तयार केलेली आयट्रान्स ही लिप्यंतराची पद्धत अनेकांनी स्वीकारली. रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर तिच्यामुळे देवनागरीत छापता येई. पुढे युनिकोड रुळले. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला आणखी बरीच वर्षे गेली.

त्या समूहात आज पूर्वीचा वावर उरलेला नाही. मराठी माणसे १९९६ साली सुरू झालेल्या मायबोलीसारख्या संकेतस्थळांकडे आणि पुढे मोबाइलकडे वळली. तथापि दूर देशी असलेली मुले आपल्या भाषेत बोलायला जागा शोधत होती, आणि ती जागा कोणत्याही कंपनीच्या मालकीची नव्हती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

न्यूजरीडर म्हणजे रोजमेळ

न्यूजरीडरचे पहिले काम वही ठेवण्याचे असते. युनिक्स संगणकांवरील जुन्या न्यूजरीडरांची ‘न्यूजआरसी’ नावाची एक साधी फाइल असे. तिच्या प्रत्येक ओळीत एका समूहाचे नाव आणि त्यापुढे वाचून झालेल्या संदेशांचे क्रमांक असत. एक ते दोन हजार वाचले, मधले पाच राहिले, पुन्हा पुढचे वाचले, असा तो हिशेब असे. दुसऱ्या दिवशी न्यूजरीडर उघडला की जेथे थांबलो तेथूनच पान उघडे. रोजमेळ लिहिणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कालची शिल्लक आज पुढे ओढली नाही, तर वहीच निरर्थक होते.

दुसरे काम धागा लावण्याचे. मूळ प्रश्न, त्याखाली उत्तर, उत्तराला उत्तर, अशी वंशावळीसारखी मांडणी असेल तर कोणी कोणाला काय म्हटले ते एका दृष्टिक्षेपात कळते. तिसरे काम गाळण्याचे. लॅरी वॉल यांनी १९८४ साली ‘आरएन’ नावाचा न्यूजरीडर लिहिला. त्यात ‘किल फाइल’ नावाची सोय होती. नको असलेला विषय किंवा नको असलेला लेखक तिच्यात नोंदवला की त्याचे संदेश डोळ्यांपुढे येतच नसत. समूहातून कोणाला हाकलावे लागत नसे, कोणाशी वाद घालावा लागत नसे. लिहिणाऱ्याचे स्वातंत्र्य अबाधित राही आणि वाचणाऱ्याची शांतताही. कोणाला न दुखावता संयम पाळण्याची ही रीत व्यापारी घरांना आपलीशी वाटेल.

निवडीच्या सहा कसोट्या

मुनीम नेमताना त्याचे अक्षर, हिशेब, स्वभाव आणि गुप्तता पाहतात. न्यूजरीडर नेमतानाही पुढील सहा गोष्टी पाहाव्यात.

पहिली कसोटी धाग्याची. संदेश केवळ वेळेच्या क्रमाने दाखविणारे साधन अपुरे समजावे. पूर्ण धागा एका खुणेने मिटवता यावा आणि आवडीच्या धाग्यावर पाळत ठेवता यावी.

दुसरी कसोटी गाळणीची. विषय, लेखक आणि शब्द यांवरून संदेश लपवता यावेत. त्याहून उत्तम सोय गुणांकनाची. ज्याचे लेखन वारंवार उपयोगी पडते त्याला अधिक गुण, निरर्थक विषयाला उणे गुण, आणि संदेशांची मांडणी गुणांनुसार. मात्र गाळणीचे नियम वाचकाने स्वतः लिहिलेले असावेत आणि केव्हाही पाहता व पुसता यावेत. मालकाला न विचारता पत्रे फाडणारा मुनीम कितीही हुशार असला तरी पेढीवर ठेवत नाहीत.

तिसरी कसोटी जोडणीविना वाचनाची. संदेश एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही ते वाचता यावेत, उत्तर लिहून ठेवता यावे आणि जोडणी आली की ते आपोआप रवाना व्हावे.

चौथी कसोटी लिपीची. देवनागरी जोडाक्षरे शुद्ध दिसावीत आणि लिहिलेली मराठी यूटीएफ-८ या पद्धतीने पाठवली जावी, म्हणजे ती सातासमुद्रापलीकडे गेलेल्या मुलीच्या संगणकावरही तशीच उमटेल.

पाचवी कसोटी उत्तराची. सर्व समूहाला उत्तर आणि केवळ लेखकाला खासगी उत्तर, या दोहोंची बटणे स्पष्टपणे वेगळी असावीत. माल किती आहे आणि कोणत्या भावाला द्यायचा आहे, हे एका चुकीच्या बटणामुळे चारचौघांत गेले, तर त्याची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही.

सहावी कसोटी दप्तराची. वाचलेले आणि लिहिलेले आपल्या संगणकावर, अन्य सॉफ्टवेअरलाही उघडता येईल अशा साध्या स्वरूपात साठावे. साधन बदलले तरी दप्तर घरातच राहिले पाहिजे.

आज उपलब्ध असलेली साधने

बहुतेक कुटुंबांसाठी थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर सोयीचे ठरेल. ते विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ईमेल, यूजनेटचे समूह आणि संकेतस्थळांच्या वार्तावाहिन्या म्हणजे फीड्स ते एकाच खिडकीत दाखवते. देवनागरी त्यात व्यवस्थित दिसते. धागा दुर्लक्षित करणे, धाग्यावर पाळत ठेवणे, विषय व लेखकानुसार गाळणी लावणे आणि निवडक समूह जोडणीविना वाचनासाठी उतरवून घेणे, या सोयी त्यात आहेत. गुणांकनाची बारीक सोय मात्र त्यात नाही.

ज्यांना गुणांकन हवे त्यांनी पॅन पाहावा. लिनक्स वापरणाऱ्यांत तो लोकप्रिय आहे. त्यात संदेशाला उणे ९९९९ ते अधिक ९९९९ असे गुण देता येतात. तळाचा गुण म्हणजे पूर्ण दुर्लक्ष, वरचा म्हणजे विशेष पाळत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना टिन आणि एसएलआरएन ही केवळ अक्षरांवर चालणारी जुनी साधने आवडतील. टिन १९९१ पासून चालत आले आहे. चित्रे नसल्यामुळे ही साधने जुन्या, मंद संगणकावरही झपाट्याने चालतात. ईमॅक्स हा लेखन-संपादक वापरणाऱ्यांसाठी ग्नस आहे. तो फार समर्थ आहे, पण शिकायला वेळ लागतो. विंडोजवर एके काळी फोर्टे कंपनीच्या एजंटचा दबदबा होता. आता तो इतिहासजमा धरावा.

सॉफ्टवेअर निवडल्यावर सर्व्हर लागतो. पूर्वी इंटरनेट देणारी कंपनीच तो पुरवत असे, आता बहुधा पुरवत नाही. ‘इटर्नल सप्टेंबर’ हा सर्व्हर नोंदणी केल्यावर विनामूल्य वापरता येतो. त्याच्या नावात इतिहास आहे. दर सप्टेंबरात अमेरिकेतील विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि यूजनेटचे शिष्टाचार शिकेपर्यंत गोंधळ माजे. १९९३ च्या सप्टेंबरपासून नवागतांचा ओघ थांबलाच नाही, म्हणून तो ‘न संपणारा सप्टेंबर’. या सर्व्हरवर केवळ मजकुराचे समूह आहेत. फाइलींची देवघेव करणारे समूह तेथे नाहीत आणि ते नसलेलेच बरे. त्या मार्गाने चोरीचे चित्रपट आणि विषाणू घरात शिरतात.

दुसरा उपयुक्त सर्व्हर जीमेन हा होय. ग्नसचे एक प्रमुख कर्ते लार्स मॅग्ने इंगेब्रिग्टसन यांनी तो २००२ साली उभा केला. निरनिराळ्या सॉफ्टवेअरच्या ईमेल-चर्चा तो यूजनेटच्या समूहांसारख्या वाचू देतो. ग्नूकॅश या विनामूल्य हिशेब-प्रणालीच्या किंवा लिब्रेऑफिसच्या वापरकर्त्यांची चर्चा तेथे मिळते. दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवणाऱ्याला एखाद्या अडचणीचे उत्तर तेथे कोणीतरी आधीच दिलेले सापडण्याचा पुष्कळ संभव असतो.

थंडरबर्डमधील फीड्सचाही लाभ घ्यावा. भारतीय रिझर्व्ह बँक आपल्या अधिसूचना आणि प्रसिद्धिपत्रके या मार्गाने देते. पत्र सूचना कार्यालयही देते. बँकेचा नवा नियम आला म्हणे, ही वार्ता दहा हातांतून येण्यापेक्षा मूळ कागदच सकाळी आपल्या पुढ्यात असणे व्यापाऱ्याच्या हिताचे आहे.

औंढ्याचा पावसाळा आणि संध्याकाळचा अर्धा तास

जोडणीविना वाचनाची कसोटी लोणावळा परिसरात किती महत्त्वाची आहे, हे तेथे आषाढ-श्रावण काढलेल्यांना सांगावे लागत नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस दिवसदिवस थांबत नाही, वीज जाते, तिच्यामागे इंटरनेट जाते. न्यूजरीडरची ही सोय मुळात अशाच अडचणीतून आली. १९९० च्या दशकात दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट मिळे आणि मिनिटागणिक आकार पडे. म्हणून एजंटसारखी साधने आधी केवळ शीर्षके उतरवीत आणि दूरध्वनी बंद करीत. वाचक निवांतपणे हवे ते निवडी, मग पुन्हा जोडणी करून तेवढेच संदेश आणले जात. पैसा वाचावा म्हणून केलेल्या या सोयीने एक चांगली सवय लावली. आधी निवड, मग वाचन.

थंडरबर्डमध्ये हे आजही साधते. नव्या खात्यांत ‘न्यूजग्रुप’ हा प्रकार निवडावा, नाव व ईमेल भरावे, सर्व्हरचा पत्ता द्यावा, आणि नोंदणीच्या वेळी मिळालेले वापरकर्तानाव व संकेतशब्द मागितल्यावर भरावेत. जोडणी सुरक्षित ठेवण्याचा पर्याय अवश्य चालू करावा. त्यानंतर समूहांची यादी उतरते. आरंभी तीन-चारच समूह घ्यावेत. एखाद्या समूहात पाचशेहून अधिक संदेश असले तर सगळे आणावेत का, असे थंडरबर्ड विचारते. अशा वेळी अलीकडचे थोडेच मागवावेत आणि बाकीचे वाचल्याची खूण करून टाकावी. मागचे सर्व वाचलेच पाहिजे, असा हट्ट धरू नये. वार्तेचाही परिग्रह होतो.

घरातील एखादे जाणते मूल हे काम तासाभरात करून देईल. आजोबांच्या डोळ्यांना सोसतील अशी मोठी अक्षरे करणे आणि पहिल्या आठवड्यात गाळणीचे नियम त्यांच्याजवळ बसून लिहिणे, एवढे त्याने करावे. पुढे दुपारी वीज असताना संदेश उतरवून घ्यावेत आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास वाचावेत. चातुर्मासात अनेक घरे रात्रीच्या भोजनाला विराम देतात. त्या मोकळ्या वेळी मोबाइलची घंटा वाजत राहण्यापेक्षा ठरवून केलेले वाचन अधिक शोभते. न्यूजरीडर कोणाला हाक मारत नाही. वाचक त्याच्याकडे जातो, तेव्हाच तो उघडतो.

लिहिलेला शब्द आणि पत

वाचनापेक्षा लेखनाला अधिक जपावे लागते. मावळातच पाले येथील एका लेण्यात अर्हंतांना नमन करून आरंभ होणारा प्राचीन ब्राह्मी शिलालेख आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही वाचता यावा म्हणून तो दगडात कोरला गेला आणि सुमारे दोन हजार वर्षे तसाच राहिला. यूजनेटवरील संदेशही कोरल्यासारखाच समजावा. तो क्षणात अनेक सर्व्हरांवर पोहोचतो. रद्द करण्याची आज्ञा देता येते, पण ती मानणे प्रत्येक सर्व्हरच्या मर्जीवर असते. रागात लिहिलेला शब्द मागे घेता येत नाही आणि लिहिणाऱ्याचे नाव त्याच्याशी जोडलेले राहते.

या माध्यमात पत कशी जाते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील एका वकील दांपत्याने ‘ग्रीन कार्ड’ मिळवून देण्याची आपली जाहिरात हजारो समूहांत एकाच वेळी टाकली. विषय कोणताही असो, जाहिरात तीच. जगभरातून संतापाची उत्तरे आली, आणि आज त्या घटनेची नोंद इंटरनेटवरील व्यापारी कचऱ्याच्या इतिहासात प्रारंभीच होते. ज्या बाजारात विश्वासावर देवघेव चालते तेथे ओरडून माल विकणारा एकदाच विकतो, हे त्या दांपत्याला पेढीवरच्या कोणत्याही वृद्धाने सांगितले असते.

म्हणून काही शिष्टाचार पाळावेत. ज्याला उत्तर द्यायचे त्याच्या संदेशातील आवश्यक तेवढीच वाक्ये ठेवून त्याखाली आपले म्हणणे लिहावे. सहीचा मजकूर चार ओळींहून अधिक नसावा. जाहिरात मागितल्याशिवाय करू नये. आपले म्हणणे हीच पूर्ण बाजू, असे गृहीत धरू नये. धागा शेवटपर्यंत वाचला की समोरच्याचीही एक बाजू दिसते, आणि अनेकान्ताचा संस्कार असलेल्या घराला ती दिसायलाच हवी. उत्तर लिहून झाल्यावर ते रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचून पाठवावे. जोडणीविना लिहिण्याची सोय यासाठीही उपयोगी आहे.

दप्तर कोणाच्या घरी?

सहाव्या कसोटीचे मोल काळाने दाखवून दिले आहे. १९९५ साली डेजा न्यूज या सेवेने यूजनेटचे संदेश साठवून ते शोधण्याची सोय केली. २००१ च्या फेब्रुवारीत तो संग्रह गूगलने घेतला आणि गूगल ग्रुप्समध्ये समाविष्ट केला. पुष्कळांनी न्यूजरीडर सोडून तेथेच वाचणे सुरू केले. ते सोपे होते. २२ फेब्रुवारी २०२४ पासून मात्र गूगल ग्रुप्सने यूजनेटवर नवे संदेश पाठविणे व घेणे बंद केले. जुना संग्रह तेथे वाचता येतो, नवी चर्चा येत नाही. फीड्स वाचण्याची गूगल रीडर ही सेवाही अशीच १ जुलै २०१३ रोजी बंद झाली होती.

यात कंपनीने कोणाचा अपराध केला असे म्हणता येत नाही. विनामूल्य दिलेली सोय तिने थांबवली, इतकेच. परंतु ज्यांचा न्यूजरीडर आपल्या संगणकावर होता त्यांना २३ फेब्रुवारीची सकाळ आदल्या दिवसासारखीच गेली. त्यांचे समूह चालू होते, त्यांची गाळणी चालू होती, त्यांनी जपलेले संदेश त्यांच्याच फाइलींत होते. उलट ज्यांनी केवळ त्या एका संकेतस्थळावर भिस्त ठेवली होती, त्यांची सवय, नोंदी आणि वाट एकदम तुटली. मराठी माणसांनी त्या पहिल्या कट्ट्यावर काय लिहिले, याचा मोठा भागही आज दुसऱ्याच्या कोठारात आहे. ज्यांनी त्या वेळी आपले संदेश उतरवून जपले, त्यांच्या घरी त्या काळाची एक प्रत शिल्लक असेल.

पूर्वी पेढीचे दप्तर लाल कापडात बांधून घरातच ठेवले जाई. भाड्याच्या गोदामात माल ठेवत, वह्या ठेवत नसत. कुटुंबाचा पत्रव्यवहार, व्यापारी सल्लामसलत, मुलीची परदेशातून आलेली पत्रे, यांचे स्थानही तेच असावे. दर दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. त्याच मुहूर्तावर संगणकातील संदेशांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून तिजोरीत ठेवण्याचा नेम करावा. त्यासाठी घटकाभर पुरते.

वार्तेच्या साधनाकडे प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्न घेऊन जावे. काय वाचले याचा हिशेब ते देते का? काय वगळायचे हे मालकाला ठरवू देते का? आणि उद्या ते बंद पडले तर दप्तर कोणाच्या घरी राहील? थंडरबर्ड, पॅन किंवा टिन यांपैकी कोणतेही साधन घेतले तरी या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळतात. मोबाइलवरील बहुतेक समूहांना ती देता येत नाहीत, म्हणून ते समूह सोडून द्यावेत असे नाही. क्षमापनेचा निरोप आणि लग्नाचे आमंत्रण तेथे खुशाल यावे. मात्र ज्या वार्तेवर माल भरायचा, सही करायची किंवा कोणाविषयी मत बनवायचे, ती वार्ता गाळून घेतल्याशिवाय हंड्यात ओतू नये.